लहानूचं रक्त

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी सकाळी तेजराम आपल्या लेकीला घेऊन दवाखान्यात गेला. काम साधंच होतं. गुंजनची तपासणी करायची, घरी येऊन अंघोळ, मग दुपारी बायको-पोरीला घेऊन कारखान्यातल्या पूजेला. कुरुदच्या घरून निघताना पोरगी मोटरसायकलच्या टाकीवर बसली होती आणि तिनं बापाची दोन्ही मनगटं घट्ट धरली होती. साडेचार वर्षांची झाली होती, पण तोंडातून अजून एक शब्द नाही. आई नाही, बाबा नाही, पाणीसुद्धा नाही. कान मात्र ठणठणीत, आणि बघायची अशी टक लावून, की मोठा माणूस नजर खाली घालायचा.

डॉक्टर मीनल तिला जन्मापासून ओळखत. सातवा महिना लागायच्या आधीच आलेली ही पोर, किलोभरसुद्धा नव्हती. त्यांनी तिला खेळणी दिली, चित्रं दाखवली, टाळी वाजवून पाहिली.

"एवढ्या लवकर आलेल्या मुलांना उशीर होतो, तेजराम. चालायला होतो, बोलायला होतो. शिकवत राहायचं. ती बोलणारच नाही, असं मी मुळीच म्हणणार नाही."

"मॅडम, तवा रक्त लवकर देलं, म्हणून तं नाही न?"

हा प्रश्न तो दर वेळी विचारायचा. बाई आता हसल्या.

"अहो, किती वेळा सांगू? त्या दिवशी दिलं काय आणि थोडं थांबून दिलं काय, पुढे मुलांच्या वाढीत फरक दिसत नाही. तेव्हाही मी हेच म्हटलं होतं. तुमचं काही चुकलेलं नाही."

बाई बिचाऱ्या धीर द्यायला बोलायच्या. त्यांना काय ठाऊक, की हेच बोलणं तेजरामला जास्त लागायचं. फरक नव्हता ना? मग लहानू कशापायी मेला?

आता हा लहानू कोण, ते सांगतो. तेजराम भिलाईतल्या एका खाजगी कारखान्यात क्रेन चालवायचा. वर छतालगत काचेची केबिन, त्यात हा बसलेला. खाली जमिनीवर लहानू, हाताच्या इशाऱ्यांनी सांगणारा. बोट वर करून फिरवलं की उचल. तळवा खाली दाबला की उतरव. हात आडवा नेला की इकडे आण. आणि दोन्ही हात डोक्यावर गेले की जिथं असशील तिथं थांब. वरच्याला खालचं काही ऐकू येत नाही, म्हणून क्रेनवाल्याचे डोळे त्या दोन हातांवर पाहिजेत. दोघांचे बाप आमगावकडून बरोबरच इकडे कामाला आलेले. लहानूच्या गालात सदा तंबाखूचा खर्रा असायचा, आणि तो जवळ आला की सुपारी-चुन्याचा तो वास आधी यायचा.

गुंजन काचेच्या पेटीत होती तेव्हा तिचं रक्त कमी भरलं. बाई म्हणाल्या होत्या, अजून मर्यादेच्या वर आहे, आज देता येईल, वाट पाहिली तरी चालेल, घाई नाही. पण तेजरामच्या डोक्यात बसलं होतं की जितकं रक्त, तितकी अक्कल. "आजच द्या मॅडम," तो म्हणाला. हट्टच धरला त्यानं. नेमकं लागणारं रक्त लहानूचं होतं. तो सकाळीच आला, हसत हसत पलंगावर पडला आणि देऊन मोकळा झाला. तिथल्या सिस्टरनं बजावलं, आज जड काम नको, घरी जाऊन पडा. ते तेजरामनं आपल्या कानानं ऐकलं होतं.

"भाऊ, डोकं हलकं हलकं लागून राहिलं," लहानू बाहेर येऊन म्हणाला. "आज सुट्टी टाकतो मी."

"सुट्टी कावून टाकतं? नवा माणूस येईन खाली, मले त्याचा भरोसा नाही. दोन-चार बीम तं उचलाचे हायेत. चाल न बाप्पा."

आणि तो आला. तेजरामचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता.

संध्याकाळी लोखंडी बीम हुकाला लटकून पुढे सरकत होती, आणि तेवढ्यात वर तेजरामच्या खिशातला फोन वाजला. कौशल्या होती, तेजरामची बायको. रक्त तपासून आलं, पोरीला लावलं, असं ती रडत रडत सांगत होती. त्याच वेळी खाली लहानूचे गुडघे वाकले. तो बीमच्या वाटेतच बसला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. तेजरामनं पाहिलं. अगदी स्पष्ट पाहिलं हो! पण एका कानाला फोन होता, पोरीची बातमी होती, आणि बंद काचेआड त्याच्या तोंडून निघालं, "एक मिनिट रे."

लोक म्हणाले, चक्कर येऊन बीमखाली गेला. तेजरामही तेच म्हणाला. ते हात फक्त त्यानं पाहिले होते. क्रेनवरची नोकरीही त्यानं सोडली नाही, कारण सोडली असती तर कोणीतरी कारण विचारलं असतं.

गुंजन घरी आली, वाढली, उशिरा का होईना चालू लागली. मग एके दिवशी कौशल्या चुलीवरून भाताचा गंज उतरवत होती, आणि पोरीनं तळवा खाली दाबला. हळू, हळू, अजून हळू. गंज जमिनीला टेकला तशी, पुरे म्हणून, मूठ बंद केली.

"पाहा न, कशी खेळून राहिली!" कौशल्या हसली.

तेजरामनं चहाचा कप खाली ठेवला. त्यानं घरात कधी इशारे केले नव्हते. कारखान्याचं नावही तो घरी काढत नसे. पुढे पोरगी पाळण्याला, बादलीला, अंगणावरून दोर तुटून जाणाऱ्या पतंगालासुद्धा हात करायला लागली. मग तेजरामला एका भयानं धरलं. पोरगी बोलावी म्हणून त्यानं देवाला नारळ बोलले होते, आणि ती बोलली तर काय बोलेल, या विचारानं तो रात्री उठून बसायचा.

तर त्या दुपारी तिघं कारखान्यात पोचली. बाहेर आभाळ भरलं होतं, आत शेडमध्ये तेल, उदबत्ती आणि झेंडूचा वास कोंदलेला. त्या दिवशी यंत्राला सुट्टी असते. हुकाला हार, लिंबू-मिरची बांधून तो वर चढवलेला, मोठा स्विच पाडून वीज बंद केलेली, आणि क्रेनची चावी रिवाजाप्रमाणे चालवणाऱ्याच्या खिशात. तेजरामनं दोनदा खिसा चाचपून पाहिला.

लहानूची बायको सीमाही आली होती. मालक तिला दरवर्षी पूजेला बोलवायचे. तिनं गुंजनला उचलून छातीशी धरलं, बराच वेळ सोडलंच नाही. "माह्या माणसाचं रक्त हाय इच्यात," ती कौशल्याला म्हणाली. मग नवरा गेला त्या जागी तिनं दिवा लावला आणि पोरीला तिथं डोकं टेकवायला लावलं.

आरती संपली. लोक प्रसादाकडे, भट्टीच्या बाजूला सरकले. शेडच्या या टोकाला ही चारच माणसं उरली. पत्र्यावर पाऊस आला, आणि पावसातून तेजरामला खर्र्याचा वास आला. ताजा. त्यानं मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"भाऊजी," सीमा हळूच म्हणाली. दर वर्षी ती हे विचारायची. "तुमी वरून पाहत होते. त्यायनं शेवटी काही इशारा केला नोता का हो? थांबा म्हणून... काही..."

तेजराम दिव्याशेजारी उभा होता. खरं सांगावं, हिच्या पायावर पडावं, असं त्याला फार वाटलं. जीभ उचललीही होती त्यानं. पण कौशल्या बाजूलाच होती, पोरगी बाजूलाच होती.

"नाही," तो म्हणाला. "काईच नाही वहिनी."

गुंजननं आईचा हात सोडला. ती चार पावलं मागे गेली, मान वर करून छताकडे बघितलं, आणि तिनं हात आडवा नेला. इकडे आण.

वर क्रेनची घंटा वाजली. एकदाच.

"हे... कोणं चालू केली?" कौशल्या पुटपुटली.

केबिनमध्ये काळोख होता. स्विच पाडलेला समोर दिसत होता. तरी रुळांवर चाकं कुरकुरली, आणि हार घातलेला तो हुक झुलत झुलत तेजरामच्या डोक्यावर येऊन थांबला. पोरीनं तळवा खाली दाबला. हळू... हळू... अजून हळू... हुक खाली यायला लागला. झेंडूच्या पाकळ्या तेजरामच्या खांद्यावर पडल्या.

त्याला पळायचं होतं. गुडघेच वाकले. तो त्या जागेवर मटकन बसला, दिवा कलंडून विझला, आणि काही कळायच्या आत त्याचे दोन्ही हात डोक्यावर गेले.

सीमा त्या हातांकडे बघत राहिली. लहानूनं घरी तिला सगळे इशारे शिकवले होते.

"गुंजन..." तेजरामचा आवाज फाटला. "बाई माही... थांब... थांबव..."

पोरीनं एक हात कानाशी नेला, फोन धरतात तसा. बापाकडे पाहिलं. अगदी स्पष्ट पाहिलं. आणि तिचे ओठ हलले.

"एक मिनिट रे."

"बोलली!" कौशल्या किंचाळली आणि रडत पोरीवर झेपावली. "अवो आयकलं का? बोलली माही पोट्टी! बोलली!"

हुक तेजरामच्या पंजांना टेकून थांबला होता. लोखंड गरम होतं, दिवसभर काम केल्यासारखं. तेजरामनं हात खाली घेतले नाहीत, आणि खिशातली चावी त्याच्या मांडीला टोचत होती.