एक नंबरचं कार्ड

सायकलफेरीत एक नंबर कुणालाच का देत नाही, असं विचारलंत ना पोरांनो? मग ती ग्रापाची दारू ओता आणि ऐका. आमच्या ओत्ताविओच्या बाबतीत घडलेलं आहे, तेव्हा मध्ये फिदीफिदी हसायचं नाही.

शनिवार, चौदा सप्टेंबर. ओत्ताविओ सूपचं पातेलं घेऊन घाटमाथ्यावरच्या खोपटात बसला होता. सहा वर्षांपूर्वी याच घाटात त्याच्या मुलीला, नीवेसला, सायकलवरून येताना, कुणीतरी गाडीने उडवलं आणि न थांबता पळ काढला. पोर तासभर रस्त्याकडेला जिवंत होती. तेव्हापासून दरवर्षी तिच्या नावाने ही दोनशे किलोमीटरची सायकलफेरी, गावच्या ॲम्ब्युलन्ससाठी पैसे जमवायला. प्रत्येकाच्या कार्डावर दोन शिक्के: एक घाटमाथ्याचा, दुसरा पोहोचल्याचा. दुसरा ओत्ताविओ शेवटी खाली उतरून, चौकातल्या जेवणात स्वतः मारायचा. शिक्के दुसऱ्याच्या हाती देत नसे. एक नंबर नीवेसचा, म्हणून ते कार्ड कधी छापलंच नाही.

फेरीचा खर्च रुज्जेरो करायचा, आपला बांधकामवाला. नीवेस पडली त्या वळणावर तिच्या आठवणीत पांढरी रंगवलेली सायकल बांधलीय ना, तिथे दरवर्षी हार घालून "आमची लाडकी पोर" म्हणत डोळे पुसायचा. फोटोवाला असला की जरा जास्तच. ओत्ताविओच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण ॲम्ब्युलन्सकडे बघून गप्प बसायचा.

रात्रीचे नऊ वीस. एकटा रुज्जेरो यायचा राहिला होता. खिडकीतून हातमोजा घातलेला हात आत आला, कार्ड पुढे केलं. ओत्ताविओ सूप ढवळत होता. सवयीने शिक्का मारला, वेळ लिहिली. कार्ड परत देताना नंबर दिसला...

एक.

त्याने वर पाहिलं. रस्ता रिकामा. कार्डही हातात नव्हतं.

दहा मिनिटांनी रुज्जेरो आला. सायकल हाताने ढकलत. घामाने निथळत.

"कोण रे ती पुढे? सबंध घाटभर माझ्यापुढे... मी थांबलो की थांबते. मागचा लाईटसुद्धा नाही!"

"असेल कुणी."

"त्या दिवशीही नव्हता..."

रुज्जेरोने जीभ चावली. उशीर झाला होता.

नीवेसच्या सायकलचा मागचा लाईट त्या सकाळी ओत्ताविओनेच चार्जिंगला काढला होता. लावायचा राहिला. सायकलचा चुराडा झाला, कुणाच्या लक्षात आलं नाही. बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं. हे ठाऊक असणार फक्त त्याला. आणि तिच्या मागून आलेल्याला.

पातेलं भिंतीवर आदळलं.

"लाईट नव्हता ते माझं पाप! ते मी घेतो माझ्या डोक्यावर! पण थांबला का नाहीस, हलकटा? तासभर जिवंत होती ती! आणि तू... हार घालतोस?"

"घाबरलो मी..."

"चल चौकीत."

"अरे, आत्ता? सकाळी बघू ना..."

बाहेर अंधारात सायकलच्या चाकाची टिकटिक सुरू झाली. खोपटाभोवती. एक फेरा... दुसरा...

रुज्जेरो मुकाट्याने ओत्ताविओच्या गाडीत बसला.

चौकीत जबाबावर रुज्जेरोची सही झाली पहाटे चार दहाला. ओत्ताविओ कुलूप काढून घरात शिरला. बायको वर झोपलेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक नंबरचं कार्ड होतं. त्यावर दोन्ही शिक्के. दुसऱ्यापुढे वेळ: चार दहा.

त्या वर्षी पोहोचल्याचा शिक्का बाकी कुणालाच मिळाला नाही. तो रात्रभर ओत्ताविओच्या खिशात होता. त्याने बाहेर काढून रबरावर बोट टेकवलं.

शाई ओली होती.