सातव्या खांबाचे दोन इंच

आम्ही जातीचे सुतार. वडिलांनी ओळंबा हातात दिला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वाकडं लाकूड दिसलं की अजून माझा हात करवतीकडे जातो. त्या खोडीनेच घात केला.

२०१४ साल. मस्कतच्या एका हॉटेलात इंग्लिश पब बसवायचा होता. नक्कल नाही, खराखुरा. इंग्लंडातल्या कुठल्याशा गावातला तीनशे वर्षांचा पब उतरवून त्याचा ओकचा सांगाडा कंटेनरमधून आणला होता. त्यात खिळा म्हणून नाही. एका लाकडाला खाच, दुसऱ्याचं टोक तिच्यात, वरून लाकडी खुंटी. जोडीच्या तुकड्यांवर जुन्या सुतारांनी एकच आकडा कोरलेला. बुटकं छत, काळ्या तुळया, तीनशे वर्षांच्या धुराचा वास. तिथे माणसं आपोआप हळू बोलायची.

साइट इंजिनिअर केयूर पुण्याचा. त्याने बजावलं होतं, "तानाजी मिस्त्री, जुनी इमारत खचून वाकडी झालीये. वाकडीच उभी करायची." पण सातवा खांब दोन इंच लांब दिसला आणि मला राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत, कोणी नसताना, बुडाशी कापला. तुळई चढवली तेव्हा कळलं, त्या जागी फरशीच मुद्दाम उतरती केली होती. खांब बरोबर होता.

"कोणी कापला?" केयूरने विचारलं.

"रमणने," मी म्हणालो.

रमण माझ्या वाडीतला, मीच त्याला ओमानला आणलेला. त्या दिवशी तो शहराबाहेर माबेल्याला असलेल्या आमच्या गोदामातून पॉलिशचे डबे घेऊन नुकताच येत होता. त्या ओकला अजून त्याचा हातही लागला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि डबे खाली ठेवले. अर्बाबने, म्हणजे आमच्या ओमानी मालकाने, त्याचा व्हिसा रद्द केला. गुरुवारी तो गेला. त्याची पोरगी त्या साली बारावीला होती.

मी खांबाखाली दोन इंची सागवानी ठोकळा सरकवून वेळ मारून नेली. लाज वाटली? वाटली. पण लाजेने कोणी मरत नाही, दोन वेळा जेवतोसुद्धा.

शनिवारी ठोकळा दीड इंच भरला. सुकला असेल म्हटलं. सागवान असं सुकत नाही, हे मला नाही तर कोणाला ठाऊक?

सोमवारी एक इंच. तुळई केसभरही हलली नव्हती. भुसा नाही, चीर नाही. ठोकळा झिजत होता आणि खांब खाली वाढत होता.

बुधवारी अर्धा.

उद्या-परवा खांब पुरा होणार, आणि माझ्या पापाचा पुरावाच उरणार नाही. मग रमणला परत कोण आणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी केयूरला हाताला धरून नेलं. "साहेब, खांब मी कापला. रमणचा काही दोष नाही. त्याला परत बोलवा."

तो वाकला. खांबाच्या बुडावरून बोट फिरवलं.

ठोकळा नव्हता. काळं, जुनं लाकूड थेट फरशीला टेकलं होतं. करवतीची रेघसुद्धा नाही.

"मिस्त्री, हा तर अखंड आहे." तो माझ्याकडे बघत राहिला. "मग आपण त्या माणसाला घालवलं कशासाठी?"

बाहेर उन्हात उभा राहून मी गावी फोन लावला. आज त्याचे पाय धरायचे, असंच ठरवलं होतं.

"रमण, मी खोटं बोललो रे..."

"नाय दादा," तो मध्येच म्हणाला. आवाज रडवेला होता. "तो खांब मियाच कापलंय. करवत कशी अडकत होती, ता सगळा माका आठवता. माझ्यापायी तुमका साहेबाकडे मान खाली घालूची लागली. माफ करा माका."

"अरे, तू गोदामात होतास..."

फोनमध्ये मागे नळाचं पाणी वाहत होतं.

"रोज घासतंय, दादा," तो म्हणाला. "पण नखातलो तो काळो भुसो काय जाणा नाय."