पहिली चमक

वेधशाळेत शिरताना कपाळाला पट्टी बांधायची, हा आता पायताण बाहेर काढण्याइतका साधा रिवाज झाला होता. डोळ्यांना काही अनपेक्षित दिसलं, की आपल्याला कळण्याआधीच मेंदू दचकतो. या दचकण्याला ‘चमक’ म्हणत, आणि पट्टी ती, आणि तिच्यामागून उठणारी भावनाही, वेळेसह टिपून ठेवी. ज्याची नोंदलेली चमक पहिली, शोध त्याचा. पूर्वी विद्यार्थ्यांचे शोध मार्गदर्शकांच्या नावावर जायचे, म्हणून हा नियम आला होता.

प्रा. मृदुला खांबेटे यांना तो अगदी मान्य होता, रुबिना मुजावरला धूमकेतू सापडेपर्यंत. सत्तावीस वर्षं आकाश धुंडाळून बाईंच्या नावावर अवकाशातला साधा दगडही नव्हता, आणि ही त्यांचीच विद्यार्थिनी पेढे वाटत फिरत होती. बाईंनी कौतुक केलं, पेढा घेतला आणि घरी जाऊन जेवल्या नाहीत. नुसता जळफळाट होत होता. धूमकेतूला रुबिनाचं नाव लागायला आठ दिवस उरले असताना त्यांनी जुन्या चमका तपासण्याचा अर्ज दिला. चमक कुणाचीही निघो, फक्त तिची नको.

नोंदणी कचेरीतल्या भोइट्यांना ताऱ्यांतलं काही कळत नसे, पण आलेख वाचण्यात हात बसलेला. त्यांनी तुलनेसाठी बाईंना पट्टी बांधली आणि रुबिनालाही समोर बसवलं.

“पहिली चमक तुमचीच, मॅडम. तीन वर्षांपूर्वी, बारा मार्च, सकाळी अकरा.”

बाईंना आधी आनंद झाला, मग आठवलं. त्या दिवशी आकाशाचं छायाचित्र रुबिनानेच आणलं होतं, बोटाने ठिपका दाखवत. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा पट्ट्या मिळत नसत. कॅमेऱ्यावरचा डाग आहे, वेळ घालवू नकोस, असं बाईंनी तिला सांगितलं होतं. तो त्यांना खरंच डाग वाटला होता, निदान आजवर त्यांची तशी समजूत होती.

“डाग पाहूनही मेंदू दचकत असेल,” बाई म्हणाल्या.

“डागाला एवढासा उंचवटा येतो. हा बघा केवढा आहे. तुम्ही ओळखलं होतं. आणि लगेच मागे आलाय तो मत्सराचा. त्याला नियमात किंमत नाही.” शोध बाईंच्या नावावर करायचा कागद भोइट्यांनी सहीसाठी पुढे सरकवला.

रुबिना भांडली नाही. “तुम्ही डाग म्हणालात, म्हणून मी डोळे तपासून आले होते, मॅडम,” ती म्हणाली. “नंतर दोन वर्षं त्या ठिपक्याकडे पाहिलंच नाही.”

आता आपल्याला शरम वाटेल, अशी वाट पाहत बाई थांबल्या. ज्या डोळ्यांनी तो धूमकेतू दोनदा शोधला, त्या डोळ्यांकडे त्या पाहत राहिल्या. पट्टीला जोडलेल्या पडद्यावर तोच दुसरा, मत्सराचा उंचवटा पुन्हा चढत होता. बाईंनी सही केली.