जाळ्यात आला सुरुंग

जाळं वर आलं तेव्हा त्यात कोळंबीपेक्षा जड काहीतरी होतं. बाबांनी एकदाच वाकून बघितलं आणि लगेच इंजिन बंद केलं.

"व्हेर्ला, मागे हो. सुरुंग आहे... जुन्या लढाईतला."

निउपोर्टचा धक्का दोन तास मागे राहिलेला, बोट लाटांवर डुलतेय, आणि ते शिंपल्यांनी भरलेलं लोखंडी धूड आमच्या डोक्यावर लोंबकळतंय! मी रेडिओवर नौदलाला हाक मारली.

तासाभरात 'जर्बेरा' आलं. सुरुंग शोधणारं करड्या रंगाचं जहाज. त्यावरून एक रबरी होडी सुटली आणि ओल्या केसांचा एक पाणबुड्या आमच्या बोटीवर चढला.

"मी वानेस. तुम्ही दोघं आमच्या जहाजावर चला."

"माझी बोट सोडून मी हलणार नाही," बाबा म्हणाले.

"आणि बाबांना सोडून मी. मी व्हेर्ला," मी म्हणाले.

"वा! मग मीही थांबतो," तो हसला. "तसंही माझं काम इथेच आहे."

सुरुंगाला दोर बांधताना तो बोलत राहिला... माझी भीती जावी म्हणून. कळत होतं मला.

"जहाज चांगलं आहे ना तुमचं?" मी विचारलं.

"उत्तम! फ्रान्स, हॉलंड आणि आपला देश, तिघांनी मिळून बनवलंय. शोधायची यंत्रं फ्रेंचांची, इंजिन डचांचं, वायरी आपल्या."

"आणि बिघडलं की?"

"की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात."

मी खुदकन हसले. चक्क सुरुंगाशेजारी उभी राहून!

"हसलात एकदाच्या. आता हा दोर धरा... अलगद. हं, अस्सा."

त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. गार होती, पण जराही थरथरत नव्हती. जाळ्यासकट ते धूड पाण्यात उतरलं. बाबांनी स्वतःच सुरीने जाळ्याचा दोर कापला. हिवाळाभर बसून विणलेलं जाळं होतं ते.

"आता लांब जा," वानेस म्हणाला. "मी खाली जाऊन स्फोटकं लावतो."

"पाण्याखाली चालणारं यंत्र नाही का पाठवत?"

"जाळ्यात गुरफटेल ते. मी जरा शहाणा आहे."

"जरा?"

"जराच," म्हणत त्याने डोळे मिचकावले आणि होडीत उडी घेतली.

आम्ही मैलभर लांब गेलो. मध्ये धुकं उतरलं. जहाज दिसेना, होडी दिसेना. अर्धा तास गेला... पाऊण तास. मग समुद्र पोटातून गरजला आणि आमच्या बोटीची फळीन् फळी हादरली.

रेडिओ गप्प.

मला राहवेना. "जर्बेरा, जर्बेरा... वानेस वर आला का? सांगा ना कुणीतरी!"

खरखर. मग बऱ्याच जणांचं हसू.

"केव्हाच आलाय. तोच बोलतोय. आणि व्हेर्ला... हे सगळा किनारा ऐकतोय."

मी कोळंबीच्या पेटीवर मटकन बसले आणि हसता हसता रडायला लागले. बाबा दुसरीकडेच बघत होते.

"ऐकू दे किनाऱ्याला," मी डोळे पुसले. "फार घाबरले होते मी... तुमच्यासाठी. शनिवारी आमच्याकडे जेवायला या."

"'या' नको. नीट बोलव," तो हळूच म्हणाला.

मी मोठा श्वास घेतला.

"ये," मी म्हणाले.