नजरेचा हिस्सा

सागरतळ नियंत्रण कक्षात नवे सूक्ष्मबिंदू पडदे बसले, त्या दिवशी पहिली तक्रार शर्वाणी भाटकरने केली. चित्र अप्रतिम होतं. समुद्रतळावरच्या निवासकुपीत तिचा नवरा रोशन चहा ढवळत होता आणि कपावरची चीरसुद्धा दिसत होती. पण कडेची आज्ञासूची वाचता येत नव्हती.

"ही अक्षरं आहेत की खसखस सांडलीय?"

मुख्य अभियंता इब्राहीम मुकादम हसला. "आपली प्रणाली जुनी. तिला बिंदू मोजता येतात, इंच नाही. बटण चाळीस बिंदूंचं म्हणजे चाळीस बिंदूंचं. पूर्वी बिंदू जाड होते, आता बारीक झाले. बटणही बारीक झालं."

"मग प्रणाली बदला ना, इब्राहीमभाई."

"एक ओळ बदलली तरी सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. तोवर कुपी रिकामी ठेवावी लागेल. मुख्यालय ऐकेल?"

मुख्यालयाने ऐकलं नाही. मग इब्राहीमने प्रणालीला हात न लावता तिच्यावर एक थर चढवला. त्याला नाव दिलं नेत्रभिंग. पडद्यावरचा कॅमेरा खुर्चीतल्या माणसाची बुबुळं टिपायचा. नजर जिथे टिकेल तो भाग मोठा व्हायचा.

"आणि बाकीचं?" शर्वाणीने विचारलं.

"पडदा रबराचा नाही. एकाने पाय पसरले की दुसऱ्याने आखडायचे. ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते लहान होत जातं. रोजच्या सवयीवरून भिंग शिकतं."

"म्हणजे आमच्या सासरची पंगत. जो मागत नाही त्याची वाटी रिकामी."

काम सुरळीत चाललं. आपत्कालीन तालीम दर महिन्याला होई, पण शेजारच्या जुन्या सरावयंत्रावर. खरी दारं बंद केली तर त्यांच्या कडेच्या रबरी पट्ट्या झिजत आणि खाली झोपलेले पाणबुडे दचकून उठत. सरावयंत्राचा पडदा जुना, अक्षरं ठसठशीत. सगळे उत्तम गुणांनी उत्तीर्ण होत. खऱ्या पडद्यावरच्या 'कप्पे विलग करा' या, दारं बंद करणाऱ्या आज्ञेकडे मात्र वर्षभरात कुणी पाहिलं नव्हतं. भिंगाने त्याची नोंद घेतली होती.

ऑक्टोबरमधल्या एका दुपारी कुपीच्या बाहेरच्या कक्षाचा सांधा फुटला. रोशन आणि त्याचा जोडीदार तोमास आतल्या शयनकक्षात पळाले. मधलं दार वरच्या नियंत्रण कक्षातून बंद करायचं होतं. ध्वनितार पाण्यात गेल्याने आवाज पोचत नव्हता. रोशन कॅमेऱ्यासमोर येऊन दोन्ही तळहात एकमेकांवर आपटत होता: बंद करा.

शर्वाणीने सूची शोधली. तिथे राखाडी धूळ होती. तिची नजर रोशनकडे गेली, सूचीकडे आली, पुन्हा रोशनकडे गेली. त्याची चौकट वाढू लागली. धूळ आणखी विरळ झाली.

"त्याच्याकडे बघू नकोस," इब्राहीम म्हणाला.

"काय?"

"तू बघतेस म्हणून सूची आकसतेय. डाव्या कडेला बघ. काही दिसलं नाही तरी तिथेच बघ."

"भिंग बंद करा आधी!"

"सगळी प्रणाली पुन्हा चालू करावी लागेल. तेवढा वेळ नाही. खुर्चीतूनही उठू नकोस, भिंग तुझेच डोळे ओळखतं. शर्वाणी, तो मरेल. बघू नकोस त्याच्याकडे."

तिने मान वळवली आणि कडेच्या राखाडी पट्टीवर नजर रोवली. भिंग सावकाश काम करत होतं. दचकलेल्या नजरेला फसू नये म्हणून इब्राहीमनेच त्याला सावकाश केलं होतं. धुळीच्या रेघा झाल्या, रेघांची अक्षरं झाली. पलीकडे रोशनची चौकट टाचणीच्या डोक्याएवढी उरली.

"आलं! दाब!"

तिने दाबलं. हिरवी खूण उमटली: दार बंद. शयनकक्षाचा दाब स्थिर झाला.

"या अल्लाह," इब्राहीम म्हणाला. "वाचले."

मग शर्वाणीने रोशनकडे पाहिलं.

ठिपक्याची चौकट होऊ लागली. तोमास दिसला. तो दोन्ही मुठींनी दारावर आतून ठोसे मारत होता. शयनकक्षात तो एकटाच होता.

इब्राहीमला आधी कळलं. दार हातानेही बंद करता येई, पण त्याचं चाक बाहेरच्या कक्षात होतं. चाक फिरवून सोडलं की दार आपोआप, पण हळू सरकतं. ते पूर्ण लागण्याआधी फटीतून परत आत येता येतं. वरून काहीच हालचाल नाही हे पाहून रोशन चाकाकडे गेला होता. आज्ञेने दार एका झटक्यात बंद होतं.

"उघडा," शर्वाणी म्हणाली. "दार उघडा!"

"आत पाणी शिरेल. तोमासही जाईल."

दाराच्या गोल काचेपलीकडे एक चेहरा आला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. भिंगाने नेमून दिलेलं काम केलं. काच मोठी झाली, चेहरा मोठा झाला, सूची पुन्हा धूळ होऊन कडेला गेली.

"शर्वाणी," इब्राहीम म्हणाला, "नजर काढ."

तिने काढली नाही. चेहरा वाढत गेला आणि पडद्यावर दुसऱ्या कशालाही जागा उरली नाही.