तेरा वासरं आणि बंद फाटक

सकाळी नऊ वाजता डेलमामाने म्हाताऱ्या राखणदाराला, ऑर्विल आजोबांना, घोड्यावरून खाली उतरायला सांगितलं, आणि तिन्ही मुलं जागच्या जागी थिजली.

"रात्रीत तेरा वासरं गेली आणि तुम्हाला पत्ताच नाही," मामा म्हणाला. "सामान बांधा. दुपारी ट्रकने खाली सोडतो. उद्यापासून येऊ नका."

या डोंगरावर ऑर्विल आजोबांनी एक्कावन्न उन्हाळे गुरं राखली होती. खुद्द मामाला पहिल्यांदा घोड्यावर त्यांनीच बसवलं होतं, आणि मामा त्यांच्याशी असं बोलत होता! तेरा वर्षांच्या लोर्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या धाकट्या भावाने, कॉयने, आजोबांच्या घोड्याचा लगाम घट्ट धरून ठेवला. पण खरा धक्का आजोबांनीच दिला. ते भांडले नाहीत. आपल्याला हल्ली ऐकू कमी येतं, चोरांचा ट्रक आला असेल आणि आपण झोपून राहिलो असू, असं खाली मान घालून म्हणाले आणि लाकडी खोलीत निघून गेले.

कुणीही फाटकाला हात लावायचा नाही, असं बजावून मामा पोलिसांत, शेरीफकडे, चोरीची तक्रार द्यायला गेला. कमरेला काल संध्याकाळी स्पर्धेत बक्षीस जिंकलेलं पट्ट्याचं चकचकीत बक्कल होतं.

कुंपणाच्या खालच्या बाजूला काही गाई सारख्या हंबरत होत्या. मुलांचा मावसभाऊ रूबेन शिकागोहून सुट्टीला आलेला. त्याला गुरांतलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणूनच की काय, त्याला भलतेच प्रश्न पडायचे. चोरांनी फाटक उघडलं असेल तर मऊ मातीत चाकांचे ठसे कसे नाहीत, असं त्याने विचारलं. मग तो कुंपणापाशी वाकला. सगळ्यात खालच्या काटेरी तारेला तांबड्या केसांचे झुबके अडकले होते, आणि एक-दोन नव्हे, चांगले आठ-नऊ ठिकाणी.

"वासरं तारेखालून स्वतःच गेलीत," लोर्ना हळूच म्हणाली.

कॉयला ते पटेना. आई सापडली नाही तर वासरू शेवटचं जिथे दूध प्यायलं तिथे परत जातं, हे खरं. पण काल गुरं वर आणल्यावर जोड्या लावल्याच होत्या. मामाने तसं सांगितलं होतं.

"जोड्या लावणं म्हणजे काय?" रूबेनने विचारलं.

कॉयने कपाळाला हात लावला आणि समजावून सांगितलं. चढणीवरच्या धुळीत, गर्दीत आया आणि वासरं वेगळी पडतात. वर पोचलं की कळपाभोवती घोड्यांवर बसून राहायचं, दोन तास लागोत की तीन. प्रत्येक वासराला आई सापडून ते प्यायला लागेपर्यंत कुणी हलायचं नाही.

रूबेनचा चेहरा पांढराफटक पडला.

"आम्ही थांबलोच नाही," तो म्हणाला. "मामाला चार वाजता दोर फेकायच्या स्पर्धेला पोचायचं होतं."

लोर्ना आणि कॉय काल एका लंगड्या गाईला घेऊन आजोबांबरोबर मागून येत होते. ते पोचले तेव्हा मामा गाडीत बसलेला होता. सगळ्या जोड्या लागल्या, असं ओरडून सांगून तो गेला होता. मामा खोटं बोलला? आपला मामा? लोर्नाला ते खरंच वाटेना. आणि त्या खोट्यापायी आत एक म्हातारा माणूस आपलं सामान बांधत होता.

आता वासरं शोधायची कुठे? कालच्या वाटेवर कळप चार ठिकाणी थांबला होता. "आयांना माहीत असेल," कॉय म्हणाला. म्हणजे फाटक उघडायचं, मामाने बजावलं असताना! तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग रूबेनने कडी काढली. कॉय तटतटलेल्या कासेच्या गाई दाखवत गेला आणि लोर्ना घोडी आडवी घालून बाकीच्यांना मागे रेटत राहिली. एक दांडगी गाय दोनदा निसटू पाहत होती. दोन्ही वेळा घोडी तिच्या आधी वळली. तेरा गाई बाहेर पडल्या आणि चक्क धावत सुटल्या.

दोन तास मुलं नुसती मागून गेली. ओढ्याच्या वळणावर, वाळुंजीच्या झुडपांत, वासरं उभी होती. एक गाळात पोटापर्यंत रुतलं होतं. त्याला दोर टाकून कॉयच्या घोड्याने ओढून काढलं. ते धरून तेरा पूर्ण झाली.

तेवढ्यात वरच्या रस्त्याने जाणारी मामाची गाडी करकचून थांबली. शेजारी शेरीफचा माणूस होता. शेपट्या हलवत पिणारी वासरं पाहून मामाचं तोंड उघडंच राहिलं.

रूबेन पुढे झाला. "मामा, काल आपण थांबलो नव्हतो," तो म्हणाला.

मामाला नाही म्हणता आलं असतं. तो कानापर्यंत लाल झाला, पण नाही म्हणाला नाही. शेरीफच्या माणसाने वही मिटली.

खोलीच्या दारात मामाने स्वतःच आजोबांना सगळं सांगितलं, चुकलो म्हणाला, थांबा म्हणाला.

"म्हणजे मी झोपलो नव्हतो?" आजोबांनी विचारलं.

"नाही," मामा म्हणाला.

त्यांनी डोळे पुसले. मग तिन्ही मुलांशी एकेक करून हस्तांदोलन केलं, मोठ्या माणसांशी करतात तसं. एक्कावन्न वर्षांत इतक्या चांगल्या राखणदारांबरोबर काम केलं नव्हतं, असं ते म्हणाले.

उन्हं कलायच्या आत गाई-वासरं पुन्हा वर आणली. कळपाभोवती आजोबा घोड्यावर, मुलं घोड्यांवर, आणि मामाही. तास गेला, दुसरा गेला. धुळीने मामाचा घसा कोरडा पडला होता.

"लागल्या का सगळ्या जोड्या?" त्याने आजोबांना विचारलं.

"अजून एक आहे," आजोबा म्हणाले.

मामा थांबला.