बायोडाटातली चौथी ओळ

सिरसाळ्यात नोकरी शोधणारा प्रत्येक माणूस अगदी एकसारखा हुशार निघतो, कारण उत्तरेश्वरच्या झेरॉक्स सेंटरात बायोडाटा एकच आहे. तो जुनी फाईल उघडतो, नाव-पत्ता बदलतो आणि छापतो. साठीच्या छबुबाईंनी स्वयंपाकिणीच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा त्यांचाही छंद क्रिकेट होता.

दीपमाला मात्र असल्या कागदाला बधणारी नव्हती. अकरा वर्षं जिनिंग मिलमध्ये कापूस निवडल्यावर तिला आता ग्रेडरची जागा हवी होती. आलेला माल पारखून त्याची प्रत ठरवायची. त्या खुर्चीवर आजवर बाई बसली नव्हती.

"कौशल्यात कॉम्प्युटर टाकू का, ताई?"

"येत न्हाई ते कावून टाकता? लिहा. सरकी दाताखाली धरली की ओल किती ते सांगते. किडका कापूस डोळे झाकून वेगळा करते. पाणी मारून आणलेला माल वासावरून ओळखते."

"असलं कुणी लिहितं का? लोक हसतील."

"हसू द्या. त्या निमित्तानं दात तर घासतील."

उत्तरेश्वरने तीन ओळी टाइप केल्या. कागद बाहेर आला, त्यावर चार होत्या.

'ढिगात माणूस असेल तर हात घालून सांगते.'

पडद्यावर ती ओळ नव्हती. त्याने पुन्हा छापलं. चार. शेजारच्या मोबाईलवाल्याच्या प्रिंटरवर जाऊन छापलं. तिथंही चारच. परत आल्यावर उत्तरेश्वर खुर्चीवर बसला नाही, उभाच राहिला.

"ही फाईल आधी कुणाची होती, भाऊ?"

"पहिल्यांदा केलती ती सिंधुबाई म्हणून एकीची. तुमच्याच जिनिंगची. कागद न्यायला आलीच न्हाई."

दीपमालाने कागदाची घडी घातली. "राहू द्या. एखादं कौशल्य जास्तीच हाय, कमी तर न्हाई."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती जिनिंगच्या मॅनेजरपुढे, मोहनरावांपुढे, उभी राहिली. पहिल्या तीन ओळी वाचून ते पोटभर हसले. गंमत म्हणून तिला यार्डातल्या ढिगापाशी नेलं. तिनं सरकी दाताखाली फोडली आणि म्हणाली, "बारा." ओल मोजायच्या यंत्रातही बाराच टक्के आलं.

मग त्यांची नजर चौथ्या ओळीवर गेली.

"हे कुणी लिहायला सांगितलं?"

"कावून? घ्या की परीक्षा."

"एवढी ओळ खोड. खोड आणि उद्यापासून ये."

नोकरी तिच्यापासून एका रेघेवर होती. ती रेघ मारायला त्यांनी पेनही पुढे केलं.

"कागदावर हाय ते मला येतं, साहेब," ती म्हणाली. येतं की नाही, हे तिला तरी कुठं माहीत होतं! पण खोड म्हटलं की खोडायचं, एवढंही तिला येत नव्हतं.

तिनं उजवा हात ढिगात खांद्यापर्यंत घातला. वरचा कापूस उन्हानं तापलेला होता. कोपराशी गार. त्याच्याही आत दमट, कुणी अगदी जवळून श्वास सोडावा तसा.

तिचा चेहरा बदलला.

"दोघी हायत."

"एकच होती," मोहनराव बोलून गेले.

यंत्रं चालू होती, तरी माल निवडणाऱ्या बायांना ते ऐकू गेलं. कुणी काही न सांगता त्या उठल्या आणि ढीग उपसू लागल्या.

खाली फरशी निघाली. कोरडी. कुणी नव्हतं.

मोहनरावांनी मान पुसली. "झालं समाधान? आता खोड."

"न्हाई."

"नोकरी पाहिजे ना?"

"पाहिजे. चारी ओळींसकट."

बाया जागच्या हलल्या नाहीत. मोहनरावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग ऑफिसातून नेमणुकीचं पत्र मागवलं.

दीपमालाने डाव्या हाताने सही केली.

उजवा अजून कुणीतरी धरून ठेवला होता.